पुड्यातली मूठ

माझं वजन चुकत नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. आमच्या बचत गटाची थालीपिठाची भाजणी निघायला लागली, तेव्हापासून काट्यापाशी मीच बसते. वाटीनं पुड्यात भाजणी सोडायची, आकडा चढताना बघायचा, शेवटी चमच्यानं थोडी थोडी टाकत न्यायची आणि जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबायचं, ह्यात मला एक वेगळंच सुख आहे. वर दोन-चार ग्रॅम मी जास्तच पडू देते. नवरा म्हणतो, बोलतानाही अशीच थांबली असतीस तर घर सुखी झालं असतं. त्याला काय बोलायचं ते मी बोलते.

त्यामुळं त्या दिवशी आमच्या पत्र्याच्या खोलीपुढं सरकारी गाडी थांबली आणि उतरलेल्या बाईंनी ओळखपत्र दाखवून शांतपणे सांगितलं, "तुमच्या पुड्यांत वजन कमी भरतंय," तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाई वजनमाप खात्याच्या निरीक्षक होत्या. तिशी-पस्तिशीच्या, साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मागं एक शिपाई, त्याच्या हातात वजनांची पेटी. नारायणगावच्या एका दुकानात तपासणी करताना त्यांनी आमचे पुडे उचलून मोजले होते. पुड्यावर छापलंय निव्वळ वजन पाचशे ग्रॅम आणि आत भरत होतं चारशे ऐंशीच्या आसपास.

"एखादा असंल तसा," मी म्हटलं.

"दुकानात होते तेवढे सगळेच तसे आहेत."

"आवो, त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या वेफर्सच्या पुड्या बघा की आधी. निम्मी हवा असती त्यात. तिकडं जायला गाडीत डिझेल नसतं का?"

हे वाक्य बाईंनी दारोदार ऐकलं असणार. त्या चिडल्या नाहीत. "हवा असते, ताई. पण वर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढे वेफर्स आत असावे लागतात. नसले तर त्यांच्यावरही केस करतो. तुमचा काटा बघू द्या."

मी काटा पुढं सरकवला. बघा म्हटलं, खुशाल बघा. त्यावरचा तपासणीचा शिक्का चालू सालचा होता, तो मी बोटानं दाखवला. शिपायानं पेटी उघडली, मखमलीतून एकेक पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं. काटा जराही हलला नाही, म्हणजे जिथं थांबायला पाहिजे तिथंच थांबला. मी बायकांकडं बघून भुवया उडवल्या. मग बाई म्हणाल्या, "आता तुम्ही नेहमीसारखा एक पुडा भरा." भरला. त्यांनी तो आपल्या काट्यावर ठेवला. पाचशे तीन. रिकाम्या पुड्याचं वजन वगळून.

मला वाटलं, संपलं. आता बाई सॉरी म्हणतील आणि मी मोठ्या मनानं चहा ठेवायला सांगेन.

बाई उठल्या आणि भिंतीकडंच्या थप्पीतून, सील करून ठेवलेल्या पुड्यांतून, वरचा, मधला, खालचा असे निवडून आणले. एकेक मोजला. चारशे एक्क्याऐंशी. चारशे पंच्याऐंशी. चारशे अठ्ठ्याहत्तर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीच भाजणी, तोच काटा, भरणारी मीच, आणि भिंतीपर्यंत जाता जाता पुडा वीस ग्रॅमनं हलका होत होता.

आमच्या खोलीत काम कसं चालतं ते इथं सांगायला हवं. गाव कळंबपासून आत, हायवेचा आवाज ऐकू येतो एवढ्यावर. मागच्या बाजूला चुलीवर दोघी-तिघी धान्य भाजतात. बाजरी वेगळी, ज्वारी वेगळी, डाळी वेगळ्या, धणे-जिरे सगळ्यात शेवटी. कळंबच्या गिरणीतून दळून आणलं की चाळून माझ्यापुढं ढीग येतो. मी भरते आणि मोजते. माझ्या उजव्या हाताला आत्या बसतात. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही एकमेकींना पाण्यात बघत होतो, आता त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला सकाळचा चहा गोड लागत नाही. आत्यांचं काम पुडा बसवायचं. ताजं दळलेलं पीठ फुगीर असतं, तोंडापर्यंत येतं. दोन्ही कोपरे धरून पुडा पाटावर आपटायचा, पीठ खाली बसलं की तोंड फडक्यानं आतून-बाहेरून पुसायचं, नाहीतर सील धरत नाही. मग तो पुढं जातो मशीनवालीकडं.

मशीनवाली हे काही तिचं नाव नाही, पण गावात आता तेच चालतं. ती बौद्ध वस्तीतली, माझ्याच वयाची, नवरा चाकणला कंपनीत जातो. सीलिंगचं मशीन आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यावर हात चालवून पाहिला आणि पुडे जाळले. तिच्या हातात मात्र ते मशीन पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखं वागलं. तिला गटात घेताना दोघींनी नाकं मुरडली होती. कशासाठी ते लिहायला नको, वाचणाऱ्याला कळतं.

तर पुडा माझ्याकडं बरोबर आणि मशीनमधून निघाला की कमी. भाजणाऱ्यांतली एक, जिच्या जिभेला हाड नाही, ती हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, "काटा बराबर, भरणारी बराबर. मग शेवटाला जातंय कुटं?"

शेवटाला कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी काट्यावरच्या आकड्याकडं बघत होते, मला खोलीतल्या नजरा दिसल्या नाहीत. आत्यांना दिसल्या. मशीनवाली तिथंच बसली होती, पाय मशीनच्या पट्टीवर, हात मांडीवर, मान खाली. काहीही न केलेलं माणूससुद्धा अशा वेळी चोरासारखं दिसतं, ह्याचा मला फार राग येतो.

"तिच्याकडं काय बघताय गं?" आत्या म्हणाल्या. "मी काढते ती."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. आत्यांनी मी मघाशी भरलेला, बाईंनी मोजलेला तो पुडा काट्यावरून उचलला. कोपरे धरून पाटावर आपटला. फडक्यानं तोंड पुसलं. आणि मग आत हात घालून, अगदी सहज, घरातल्या डब्यातून पीठ घ्यावं तसं, लहानशी मूठ बाहेर काढली आणि शेजारच्या पितळी वाटीत सोडली. "ही अशी. द्येवाची."

ती वाटी आम्ही सगळ्या रोज बघत होतो. मला वाटायचं, चटईवर सांडलेलं, पदरात उडालेलं पीठ त्या गोळा करतात. रविवारी त्याची थालीपिठं व्हायची, भैरोबाला निवद जायचा, उरलेली देवळापुढच्या पोरांना. मीही खाल्ली आहेत. चांगली खुसखुशीत असायची.

निरीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, प्रत्येक पुड्यातनं काढता?"

"मग? एकाला सोडून कसं चालंल?" आत्यांच्या आवाजात भीती नव्हती. उलट बाईंना एवढं साधं कसं कळत नाही ह्याचं नवल होतं.

"पण मोजायच्या आधी का नाही काढत?"

"आवो बाई, तुमी शेतकऱ्याच्या घरच्या न्हाई का?" आत्या सरसावून बसल्या. "आमच्या खळ्यावर रास झाली की आदी मापायची. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. समदी मापून झाली की मगच द्येवाची मूठ निघायची. न मापलेल्यातलं द्येवाला चालत न्हाई. आपलं किती हाय ह्ये ठावं नसताना दिलं, तर त्ये द्येणं कसलं? माज्या सासऱ्यानं सांगितलंय मला. खळी गेली, बैलं गेली, आता मशीन येतं आन बांधावर पोती टाकून जातं. मूठ काढायला काय उरलंच न्हवतं. ह्ये पुड्याचं काम निघालं तवा मला लई बरं वाटलं. म्हटलं, हितं मापतात."

सगळं मोजून झाल्यावरच देवाचं. म्हणजे मी जितक्या काटेकोरपणे मोजत होते, तितक्याच काटेकोरपणे आत्या त्यातली मूठ काढत होत्या. आणि दोघींच्या मध्ये हातभराचं अंतर. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. कुणी हसलं मात्र नाही.

मला वाटलं, आता ही बाई कायदा सांगणार, कलम सांगणार. मी तोंड उघडायच्या तयारीत होते. पण बाई खुर्चीवरून उठून आत्यांपुढं चटईवर बसल्या.

"मापून झाल्यावर ती रास कुणाच्या घरी जायची, आजी?"

"आमच्याच. दुसऱ्या कुणाच्या जाईल?"

"आणि हा पुडा मापून झाला, ह्याच्यावर वजन छापलेलं आहे. आता हा कुणाच्या घरी जाणार?"

आत्यांनी पुड्याकडं बघितलं. मग वाटीकडं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण डोकं तल्लख आहे, हिशेबात मला हरवतात. त्यांना उत्तर लगेच आलं होतं, ते तोंडातून बाहेर यायला वेळ लागला.

"गिऱ्हाईकाच्या," त्या म्हणाल्या.

आत्यांनी वाटी जवळ ओढली.

"म्हंजी मी लोकाच्या ताटातलं उचलून द्येवाला वाढत व्हते."

"तसं नाही, आजी, तुमच्या मनात..." बाईंनी सुरुवात केली. पण आत्यांनी हात वर केला आणि त्यांना थांबवलं. त्यांनी वाटी उचलली आणि पीठ पुन्हा पुड्यात ओतायला गेल्या. अर्धं चटईवर सांडलं. ते गोळा करायला मी वाकले तर माझाही हात झिडकारला.

त्या क्षणी मला त्या सरकारी बाईंचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर मला वाटलं, दंड हवा तेवढा लावा, पण हा प्रश्न विचारायला नको होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात देवासाठी उठत होता, तो तुम्ही एका वाक्यात चोराचा केला. हे मी मोठ्यानं बोलले नसले तरी माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार.

पुढचं सगळं रीतसर झालं. पंचनामा झाला, नमुन्याचे पुडे त्यांच्या पिशवीत गेले. गटाकडून कोण जबाबदार, असं बाईंनी विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "माजं लिवा." बाईंनी समजावलं की तसं चालत नाही, गटाच्या सचिवाची सही लागते. सचिव मी. मी सही केली. दंड भरावा लागेल, दुकानांतले सगळे पुडे परत आणून वजन पुरं करूनच पुन्हा विकायला ठेवायचे, सील झाल्यावरही पुडा मोजायचा, असं त्यांनी नीट, न रागावता सांगितलं. एक छोटा काटा मशीनपाशीही ठेवा म्हणाल्या. चहा त्यांनी घेतला नाही. त्याचाही मला राग आला. घेतला असता तर जास्त आला असता, हे कळण्याइतकी मी स्वतःला ओळखते.

गाडीपाशी मी त्यांना गाठलंच. "म्हातारं माणूस आहे. सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बाई दारात पाय ठेवून थांबल्या. "माझी आजी खळ्यावर देवीच्या नावानं मागायला येणाऱ्या जोगत्याला मूठ द्यायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई काय सांगतायत ते मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. पण ताई, पुडा नेणारी बाई घरी जाऊन मोजत नाही. तुमच्यावर विश्वास टाकून नेते. तिच्या बाजूनं कुणीतरी बोलायला पाहिजे ना?" आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुडे गोळा करायला निघालो. मंचरचं एक दुकान, लोणीचं एक आणि नारायणगावचं. आत्या म्हणाल्या, मीही येते. गुडघे दुखतात म्हणून एरवी अंगणापलीकडं न जाणारी बाई जीपमध्ये पुढच्या सीटवर चढून बसली. मी, मशीनवाली आणि आत्या. मशीनवालीनं वाटेत एक शब्द काढला नाही आणि आत्यांनीही नाही. मी एकटी बोलत होते, टोमॅटोच्या भावापासून रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत. त्या दोघी गप्प बसल्या की माझी बडबड वाढते.

नारायणगावच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा एक तरुण बाई आमचाच एक पुडा हातात घेऊन पैसे काढत होती. बाकीचे दुकानदारानं बाजूला काढले होते, काउंटरच्या खाली एक राहिलेला असावा. मी दुकानदाराला कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होते. तोवर आत्यांनी पुढं होऊन तिच्या हातातनं पुडा काढूनच घेतला.

"ह्यो नको न्हेऊ, बाळ. ह्यात कमी हाय."

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती बाई गोंधळली, मग हसली. "आजी, चिमूटभरानं काय होतंय? आमच्याकडं हीच भाजणी लागते. पोरं दुसरी खात नाहीत."

"चिमूट न्हाई," आत्या म्हणाल्या, "मूठ हाय."

"असू दे ओ. मला चालतंय."

"तुला चालंल. मला न्हाई चालत."

दुकानदारानं मध्ये पडून आत्यांना बसायला स्टूल दिलं. म्हणाला, "आजी, आजपत्तुर एका गिऱ्हाईकानं तक्रार केली न्हाई. लोकं नाव घेऊन मागत्यात तुमचा माल." त्याला वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. आत्या स्टुलावर बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आदी कुणी कुणी न्हेला त्ये सांगता येईल का तुमाला?" आता असं कुठला दुकानदार सांगणार? हायवेवरचं दुकान, नाशिकची गाडी थांबते, कुणी उतरतं, घेतं, जातं. "त्यांना ठावंच न्हाई," आत्या मला म्हणाल्या. "त्ये तक्रार कसली करणार?" परत येताना जीपमध्ये त्यांनी पुड्यांचं पोतं पायाशी न ठेवता मांडीवर घेतलं होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की मी सुद्धा गप्प बसले.

पुडे फोडले, पीठ पुन्हा चाळलं, मोजून भरलं. ह्या कामाला आत्या आल्या नाहीत. पाय दुखतोय म्हणाल्या.

तरी निभावलं असतं. गावानं ते निभावू दिलं नाही. दळण आणायला मी आणि आत्या कळंबच्या गिरणीत गेलो होतो. मीच जबरदस्तीनं नेलं होतं, घरात बसून कुढताय म्हणून. तिथं नंबर लावून बसलेल्या एका ओळखीच्या बाईनं मला बघितलं आणि मागं कोण आहे ते न बघता म्हणाली, "तुमची म्हातारी माप मारत व्हती म्हनं?" माप मारणं म्हणजे मोजताना लबाडी करणं. आमच्या भागात धंदा करणाऱ्या माणसाला ह्याहून घाण बोल नाही. मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली होती, तरी माझा आवाज गिरणीएवढाच होता. पण बोलून झाल्यावर मागं वळले, तर आत्या पिशवी खाली ठेवून बाहेर गाडीकडं चालायला लागल्या होत्या.

त्यानंतर त्या खोलीत यायच्या बंदच झाल्या. खोली घरापुढंच आहे, दहा पावलांवर. त्या ओसरीवर लसूण सोलत बसायच्या आणि आमच्याकडं पाठ करायच्या. रविवारी देवळाच्या पायरीशी गेल्या, पण आत गेल्या नाहीत. बाहेरून हात जोडले आणि परत आल्या. मी म्हटलं, देवाला सगळं कळतं, तुम्ही मुद्दाम केलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याला कळतं गं. म्हणूनच." त्यांच्याशी भांडायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्या भांडेचनात. आमच्या घरात ही अशी शांतता मला सहन होत नव्हती. नवऱ्यालाही होत नव्हती, हे त्यानं कबूल केलं ही त्यातली एकच बरी गोष्ट.

इकडं खोलीत पुडा बसेना. आत्यांच्या जागी पहिल्यांदा मीच बसले. मी आपटला तर पीठ वर उसळायचं. हळू आपटला तर बसायचं नाही. जिच्या जिभेला हाड नाही तिनं एक पुडा असा दणकून आपटला की तो खालून फाटला आणि ती स्वतः पांढरी झाली. आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो, आणि हसताना सगळ्यांनी ओसरीकडं बघितलं. तिथली पाठ हलली नाही.

तेव्हा मशीनवाली उठली. तिनं मशीन बंद केलं, पदर खोचला आणि सरळ ओसरीवर जाऊन आत्यांच्या पुढ्यात उभी राहिली. इतक्या दिवसांत ह्या विषयावर ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. मला वाटत होतं, तिच्या मनात अढी असेल. असणारच. ज्या मुठीमुळं सगळ्यांनी तिच्याकडं तसं बघितलं, ती मूठ आत्यांची होती.

"काकू, चला," ती म्हणाली.

"मला न्हाई जमत आता."

"जमतंय. आमाला न्हाई जमत, त्ये बघितलं की."

"लोकं बघत्यात गं माज्याकडं," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "माज्या हाताकडं बघत्यात."

मशीनवाली त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "त्या दिवशी समद्या माज्याकडं बघत व्हत्या. तवा तुमी बोलला. तुमी गप बसला असता तर तुमाला कुणी काय म्हणालं असतं का? मलाच म्हणाल्या असत्या. जलमभर." तिनं आत्यांच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. "आता तुमच्याकडं कोण बघतंय त्ये मी बघते. उठा."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि खोलीत येऊन आपल्या जागेवर बसल्या. मी पुडा भरला, मोजला, त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी कोपरे धरले, पाटावर आपटला. पीठ गपकन खाली बसलं. तोंड पुसलं. आणि मग दोन्ही तळहात उघडे करून मांडीवर ठेवले, बोटं पसरून, सगळ्यांना दिसतील असे. नका हो असं करू, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

मशीनवालीनं पुडा घेतला आणि तसाच मशीनमध्ये धरला.

"नंतर काट्यावर ठेव," आत्या म्हणाल्या.

"नाय ठेवत. तुमचा हाय."

"माजा हाय म्हणूनच ठेव."

तिनं सील केलं आणि पुडा शेजारच्या छोट्या काट्यावर ठेवला. काट्यावरचे आकडे आत्यांना वाचता येत नाहीत. त्या आकड्याकडं बघत नव्हत्या, मशीनवालीच्या तोंडाकडं बघत होत्या.

"पाचशे दोन," मशीनवाली मोठ्यानं म्हणाली, मागं भाजणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "बराबर हाय, काकू."

मी पुढचा पुडा भरला. आत्यांनी तो बसवला आणि पुन्हा तळहात उघडे केले. "पाचशे तीन. बराबर हाय." मग पुढचा. संध्याकाळपर्यंत ती प्रत्येक पुड्याचा आकडा तशीच मोठ्यानं सांगत राहिली. आमच्यातल्या एकीनंही तिला पुरे म्हटलं नाही.